ॲसेट मॅनेजर म्हणजे नक्की कोण? कोल्हापुरातून वरच्या खुर्चीकडे जाणाऱ्यांसाठी

गेल्या मे महिन्यात भाचा मोबाईल पुढं धरून उभा राहिला. "मामा, 'हेड, ॲसेट मॅनेजमेंट' अशी जाहिरात हाय. हे म्युच्युअल फंडाचं का मशिनरीचं?" तो शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेंटेनन्सला. सहा वर्षं झालेली, वर सरकायची घाई. मी जाहिरात शेवटपर्यंत वाचली, तर नोकरी महामार्गावरच्या टोलची निघाली. त्यानं विचारलेल्या दोन्हींतलं एकही नव्हतं.

मी स्वतः फौंड्रीतून सुरुवात केली, मग साखर कारखान्यात गेलो, आता निवृत्तीनंतर दोन-तीन ठिकाणी सल्ला द्यायला जातो. त्यामुळं मुलं येतात आणि फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून काढतो.

पहिलं काम: जाहिरातीतला शब्द फोडा

एकाच नावाखाली निदान चार वेगळे धंदे चालतात.

पैशांचं ॲसेट मॅनेजमेंट म्हणजे म्युच्युअल फंड, पीएमएस (एकेका गुंतवणूकदाराचा पैसा वेगळा सांभाळायची सेवा), एआयएफ (मोठ्या गुंतवणूकदारांचे पर्यायी फंड). लोकांचा पैसा गोळा करून गुंतवायचा. यातलं गुंतवणुकीचं टेबल, म्हणजे पैसा कुठं लावायचा ते ठरवणारी माणसं, बहुतेक मुंबईत असतं. शाहूपुरी-राजारामपुरीत दिसतात त्या विक्रीच्या आणि सेवेच्या शाखा. कोल्हापुरात बसून फंड मॅनेजर झालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. ती वाट धरायची तर सीए, एमबीए किंवा सीएफएच्या (गुंतवणुकीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या) तिन्ही लेव्हल, मग रिसर्च ॲनालिस्टची नोकरी, आणि मुंबईत भाड्याची खोली, हा नेहमीचा रस्ता. इथं राहून करायचं तर वितरण, म्हणजे फंडांच्या योजना लोकांना विकणं. त्यासाठी एनआयएसएम या सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियंत्रकाच्या) संस्थेची सिरीज पाच-ए ही परीक्षा द्यायची (१०० प्रश्न, २ तास, पास व्हायला ५० टक्के) आणि ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेकडून एआरएन हा वितरकाचा नोंदणी नंबर घ्यायचा. श्रीमंत गिऱ्हाइकांचं काम करायची इच्छा असेल, तर पीएमएसमध्ये किमान ५० लाख आणि एआयएफमध्ये किमान १ कोटी गुंतवावे लागतात हे ध्यानात ठेवा. तेवढे पैसे बाजूला टाकू शकणारी घरं आपल्या ओळखीत किती आहेत, ते बोटांवर मोजून मगच त्या वाटेला जा.

दुसरं यंत्रांचं. फौंड्री, साखर, दूध, सूत, वीज. ही कोल्हापूरची खरी जागा, आणि या लेखाचा बराचसा भाग त्यावरच आहे.

तिसरं पायाभूत सुविधांचं: रस्ते, वीजवाहिन्या, सौर प्रकल्प, ऑफिसच्या मोठ्या इमारती. सेबीनं २०१४ मध्ये इनव्हिट (रस्ते-विजेसारख्या प्रकल्पांत गुंतवणूकदारांचा पैसा लावणारे ट्रस्ट) आणि रीट (इमारतींसाठीचे तसेच ट्रस्ट) यांचे नियम आणले तेव्हापासून या नोकऱ्या वाढल्या. भाच्याची जाहिरात यातलीच. इथला ॲसेट मॅनेजर हातात पाना घेत नाही. टोलची वसुली, डांबरीकरणाचा ठेकेदार, बँकेच्या कर्जाच्या अटी आणि गुंतवणूकदारांना पाठवायचा तिमाही अहवाल या चौघांच्या मधोमध तो बसलेला असतो.

चौथं बुडीत कर्जांचं. २००२ च्या सरफेसी कायद्यामुळं उभ्या राहिलेल्या, बँकांची बुडीत कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपन्या. वकील आणि बँकवाल्यांना बरं, इंजिनिअरला इथं फारसं काम नाही.

गोंधळ झाला तर पगाराच्या आकड्याआधी 'रिपोर्टिंग टू' ही ओळ शोधा. वर चीफ इन्व्हेस्टमेंट ऑफिसर असेल तर पैशांची नोकरी. प्लांट हेड असेल तर यंत्रांची. कर्ज देणाऱ्या बँकांचा आणि 'एसपीव्ही'चा (एकाच प्रकल्पासाठी काढलेल्या कंपनीचा) उल्लेख असेल तर रस्ता नाहीतर वीज.

जाता जाता एक: आपल्या गावातले सगळ्यात जुने मालमत्ता सांभाळणारे कारखान्यात नाहीतच. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडं तीन हजारांवर देवस्थानं आणि त्यांच्या जमिनी आहेत. महापालिकेच्या इस्टेट विभागाकडं गाळे आणि खुल्या जागा आहेत. तिथला भाडेकरार, थकबाकी, अतिक्रमण हेही ॲसेट मॅनेजमेंटच, फक्त दारावर पाटी वेगळी.

दुसरं काम: कुठल्या क्षेत्रात वरची पायरी कुणाला मिळते ते बघा

प्रत्येक धंद्यात वर जाणारा जिना ठरलेला असतो. चुकीच्या जिन्यावर पंधरा वर्षं घालवणारे मी पाहिलेत.

साखर. ५,००० टन गाळपाची मिल एक तास थांबली तर साधारण २०८ टन ऊस गाळायचा राहतो. १२ टक्के उतारा धरला तर २५ टन साखर. ती साखर बुडत नाही हे खरं, पण यार्डात उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत ऊस वाळतो, उतारा घसरतो, तोडणीच्या टोळ्या रिकाम्या बसतात आणि संध्याकाळी सभासदाचा फोन थेट चेअरमनला जातो. त्यामुळं हंगामात चीफ इंजिनिअरची किंमत तासावर ठरते. स्टॉपेजच्या रजिस्टरात 'मेकॅनिकल' लिहायचं, 'इलेक्ट्रिकल' लिहायचं की 'नो केन' (ऊसच नाही), यावर मध्यरात्री होणारी भांडणं ज्यानं ऐकली त्याला साखर धंद्याचं राजकारण वेगळं शिकवावं लागत नाही.

पण खरं ॲसेट मॅनेजमेंट दिसतं ते ऑफ सिझनला. मिलचे रोलर कुठले बदलायचे, टर्बाइन यंदा उघडायचं की पुढच्या वर्षी, बॉयलरच्या ट्यूब किती बदलायच्या, हे सगळं एप्रिल-मेमध्ये ठरतं आणि पैसे नेमके तेव्हाच नसतात. इथला जिना असा: इंजिनिअर, डेप्युटी, चीफ इंजिनिअर, मग वर्क्स मॅनेजर किंवा जनरल मॅनेजर, आणि शेवटी कार्यकारी संचालक. चीफ केमिस्ट आणि मुख्य शेती अधिकारी हेही याच शर्यतीत असतात, हिशेब विभागातून आलेलेही असतात. सहकारी कारखान्यात कार्यकारी संचालक व्हायचं तर साखर आयुक्तालयाच्या पॅनेलवर नाव लागतं, म्हणून त्याच्या अर्जाच्या जाहिरातीवर डोळा ठेवा. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे अभ्यासक्रम या धंद्यात मानले जातात. सहनिर्मिती (चिपाडावर वीज) आणि इथेनॉल आल्यापासून कारखाना म्हणजे साखर, वीज आणि डिस्टिलरी अशी तीन कामं झाली आहेत. तिन्ही समजणारा माणूस अजून दुर्मीळ आहे.

फौंड्री. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि जुनं उद्यमनगर. इथं बहुतेक धंदे घरचे. मालक, मालकाचा मुलगा, आणि मग तुम्ही. त्यामुळं 'सीईओ' ही पाटी मिळायला उशीर लागतो, पण 'प्लांट हेड' म्हणून सगळा कारभार लवकर हातात येतो. खर्चाचा मोठा आकडा विजेचा. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट जातात. लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) किती हिट, म्हणजे किती वेळा लोखंड वितळवेपर्यंत, टिकलं, झाकण किती वेळ उघडं राहिलं, सकाळी पहिली हिट किती वाजता ओतली, या तीन गोष्टींवर तो आकडा वरखाली होतो. हे आकडे ज्याच्या वहीत आहेत त्याला मालक बैठकीला बोलावतोच.

दूध. गोकुळ, वारणा यांच्यासारख्या संघांत यंत्रसामग्री एका जागी नसते. गावोगावचे बल्क कूलर, शीतकरण केंद्रं, टँकर, अमोनियाचा प्लांट. इथं वर जातो तो सहसा डेअरी टेक्नॉलॉजीचा नाहीतर हिशेबाचा माणूस. इंजिनिअरनं दूध संकलनाचं गणित शिकलं नाही तर तो 'मेंटेनन्सवाले साहेब' म्हणूनच निवृत्त होतो.

इचलकरंजीचं सांगायचं तर साध्या यंत्रमागाला कुणी ॲसेट मॅनेजर ठेवत नाही, शटललेस (धोटा नसलेल्या आधुनिक) मागांवर आणि प्रोसेसिंगमध्ये मात्र जागा आहेत. डीकेटीई या इचलकरंजीच्याच इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं तिथं आधीपासून बसलेली आहेत.

नागरी सहकारी बँका. कॉमर्सवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार १०० कोटी आणि त्यावर ठेवी असलेल्या बँकांना संचालक मंडळाशिवाय वेगळं व्यवस्थापन मंडळ नेमावं लागतं, आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नेमणुकीला रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी लागते. त्यामुळं 'चेअरमनचा माणूस' एवढी पात्रता आता पुरत नाही. जेएआयआयबी, सीएआयआयबी (दोन्ही बँकिंगच्या परीक्षा) आणि सहकार खात्याची जीडीसी अँड ए ही पदविका, ही तीन नावं बायोडेटावर असली की पुढची बोलणी सोपी जातात.

तिसरं काम: वही सुरू करा, आजच्या आज

साखर कारखान्यात माझं पहिलं संचालक मंडळापुढचं सादरीकरण. चाळीस स्लाइड, रंगीत आलेख. चेअरमन शांत बसून होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "ती इंजेक्शन पंपाची मोटर आपण कुठल्या साली घेतली?" मला सांगता आलं नाही. स्टोअरमध्ये डेडस्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या नोंदीचं) रजिस्टर होतं, त्यात 'मोटर, नग ७' एवढीच नोंद. मंजुरी पुढच्या बैठकीवर गेली, आणि ती बैठक अडीच महिन्यांनी झाली.

म्हणून हुद्दा काहीही असो, आपल्या ताब्यातल्या यंत्रांची एक एक्सेल शीट स्वतःची ठेवा. यंत्राचं नाव, नंबर, कुठं बसवलंय, घेतल्याचं साल, किंमत, शेवटचं मोठं काम, गेल्या १२ महिन्यांत किती वेळा आणि किती तास बंद पडलं, स्पेअर कुणाकडं मिळतो आणि यायला किती दिवस लागतात. आणि शेवटी एक रकाना: हे बंद पडलं तर काय काय थांबतं? हा शेवटचा रकाना भरताना डोकं दुखतं. दुखू द्या. तीनशे यंत्रांतली जेमतेम वीस अशी निघतात की ती थांबली की कारखाना थांबतो. तुमचा वेळ आणि कंपनीचा पैसा आधी त्या विसांवर.

आपल्याकडं आणखी एक रकाना लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. नदीकाठच्या पट्ट्यात काम करत असाल तर प्रत्येक पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर जमिनीपासून किती उंच आहे ते टेप लावून मोजा आणि लिहा. नदीपासून लांब असाल तरी रस्ता चार-पाच दिवस बंद राहिला तर कच्चा माल आणि डिझेल किती दिवस पुरेल, ते लिहा. मुलाखतीत रिस्क मॅनेजमेंटवर कुणी विचारलं तर पुस्तकी व्याख्येऐवजी ही शीट दाखवा.

चौथं काम: यंत्राचं दुखणं रुपयांत सांगायला शिका

उद्यमनगरात मोटर रिवाइंड करून आणणं ही आपली जुनी सवय. जळली की टेम्पोत टाकायची, दोन दिवसांत तांब्याची तार भरून परत. पण हिशेब मांडून बघा. ४० एचपीची, म्हणजे ३० किलोवॉटची मोटर, पाऊण भारावर, वर्षाला ७,२०० तास चालते. दोन-तीनदा रिवाइंड झालेल्या मोटरची कार्यक्षमता ८९ टक्के धरू, नव्या आयई-३ (जास्त कार्यक्षम वर्गातल्या) मोटरची ९३.६. मोटरीनं द्यायचं काम दोन्हीकडं सारखं, २२.५ किलोवॉट. जुनी त्यासाठी २५.२८ किलोवॉट ओढते, नवी २४.०४. फरक सव्वा किलोवॉटचा, ऐकायला काहीच नाही. वर्षाचे होतात जवळपास ८,९०० युनिट, युनिटला ९ रुपये धरले तर ८० हजार रुपये. आता नव्या मोटरचं कोटेशन मागवा आणि ८० हजारांनी भागा. किती वर्षांत फिटते ते एका ओळीत लिहून वर पाठवा.

"मोटर जुनी झाली, बदलावी लागेल" हे वाक्य गेली दहा वर्षं प्रत्येक मालकानं ऐकलेलं असतं. ही एक ओळ ऐकलेली नसते.

वर्षात अशी चार-पाच प्रकरणं करा. एखाद्यात हिशेब उलटा येईल, जुनंच बरं असं निघेल. तेही तसंच लिहून पाठवा. उगीच खरेदी काढत नाही असं एकदा नाव झालं, की पुढच्या वेळी सही पटकन होते.

पाचवं काम: परीक्षा, पण मोजक्या

प्रमाणपत्रांचा ढीग करू नका. यंत्रांच्या वाटेवर माझ्या मते तीनच गोष्टी वेळ देण्याजोग्या आहेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा व्यवस्थापक व ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षा: व्यवस्थापकाला तीन पेपर, लेखापरीक्षकाला चार, आणि इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अनुभव. दुसरी सीएमआरपी, मेंटेनन्स आणि विश्वासार्हतेची, बाहेरच्या कंपन्या तिला ओळखतात. तिसरं आयएसओ ५५००१, ॲसेट मॅनेजमेंटचं मानक. पहिल्यांदा २०१४ मध्ये आलं, २०२४ मध्ये सुधारलं. आपल्या फौंड्र्यांना आयएसओ ९००१ पाठ आहे, त्यामुळं हे वाचायला जड जात नाही. प्रमाणपत्र नंतर, आधी नुसतं वाचा.

एमबीए? नोकरी करत सायबर या इथल्या मॅनेजमेंटच्या कॉलेजात किंवा शिवाजी विद्यापीठात केलंत तर बॅलन्सशीट वाचायची भीती जाते, तेवढ्यासाठी चांगलं. नुसत्या पदवीवर खुर्ची मिळेल या आशेवर कर्ज काढून करू नका.

सहावं काम: स्वतःवाचून काम चालेल असं करा

हे मला फार उशिरा कळलं. चीफ इंजिनिअर असताना मिल थांबली की रात्री दोनला मी स्वतः मिल हाउसमध्ये उभा. लोक कौतुक करायचे, मलाही बरं वाटायचं. पुढं वर्क्स मॅनेजरची जागा निघाली तेव्हा ती बाहेरून आलेल्या माणसाला मिळाली. विचारायला गेलो तर उत्तर आलं, "तुम्ही नसला तर मिल चालत नाही. मग तुम्हाला तिथून हलवायचं कसं?" राग आला. पण त्यांचं बरोबर होतं. माझ्या हाताखालच्या दोघा डेप्युटींना मी सहा वर्षांत एकही निर्णय एकट्यानं घेऊ दिला नव्हता.

तेव्हा दर महिन्याला एक काम खाली सोपवा, लेखी. आणि सुट्टीवर जा. खरोखर जा, फोन बंद ठेवून. परत आल्यावर काय काय अडलं त्याची यादी करा. पुढच्या महिन्यात शिकवायचं काय, ते तिथंच सापडतं.

सातवं काम: अर्ज आणि मुलाखत

वरच्या जागा पेपरात कमी येतात. सहकारी संस्थांच्या येतात, बाकीच्या लिंक्डइनवरून, सर्च कंपन्यांकडून (मालकासाठी माणसं शोधणाऱ्या) आणि ओळखीतून भरतात. आणि ओळखीचं म्हणाल तर उद्यमनगरात दोन फोन केले की तुमची पूर्ण कुंडली निघते, तेव्हा जुनी नोकरी सोडताना हिशेब नीट पूर्ण करून, चहा पिऊन निघा.

बायोडेटा दोन पानांचा. 'रिस्पॉन्सिबल फॉर मेंटेनन्स' असली वाक्यं काढून टाका. त्याजागी आधी किती होतं, नंतर किती झालं, किती महिन्यांत, किती खर्चात. वर सांगितलेली वही असेल तर हे लिहायला एक रविवार पुरतो.

सहकारी कारखान्याच्या मुलाखतीत समोर संचालक मंडळ असतं. मराठीत, हळू आणि सरळ बोला. युनियनबद्दल विचारतील, ऊस बिलाबद्दल विचारतील, तांत्रिक प्रश्न कमी. घरच्या फौंड्रीत बापाला विश्वास हवा असतो आणि मुलाला आकडे, दोघांच्या डोळ्यांत बघून बोला. पायाभूत सुविधांच्या कंपन्यांत तीन-चार फेऱ्या, इंग्रजीत, आणि एक फेरी हमखास एक्सेल उघडून.

तुम्हीही विचारा. पगार वेळेवर होतात का, हे सहकारात विचारायला लाजू नका, काही ठिकाणी ते महिनोन् महिने थकतात. किती रकमेपर्यंतची खरेदी माझ्या सहीनं होईल, हेही विचारा. हुद्दा जनरल मॅनेजरचा आणि सहीचा अधिकार पाच हजारांचा, असली खुर्ची मी बघितली आहे. सीटीसीच्या (तुमच्यावर कंपनीच्या होणाऱ्या एकूण खर्चाच्या) आकड्यात कंपनीचा १२ टक्के पीएफ आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी धरलेली असते, दोन्ही मूळ पगारावर. ती वजा करून हातात काय पडतं ते बघा. कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळणार असेल तर त्याचीही किंमत मोजा.

आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. खऱ्या सर्च कंपनीची फी मालक भरतो, उमेदवार नाही. एका कन्सल्टन्सीला मी स्वतः १५ हजार 'नोंदणी' म्हणून दिले होते. मुलाखत एकही झाली नाही, नंबर मात्र आठवड्यात बंद झाला.

भाच्यानं टोलच्या जागेला अर्ज केला नाही. दिवाळीनंतर तो गोकुळ शिरगावात दुसऱ्या फौंड्रीत गेला, हुद्दा एक पायरी वर. पहिल्याच आठवड्यात फोन आला, "मामा, यादी करायला घेतलीय, पण निम्म्या मशिनींच्या नेमप्लेटवर रंग फासलाय. साल दिसतच नाही." मी म्हटलं, थिनरचं फडकं घे आणि हळू पूस, पॉलिश पेपर लावू नकोस, कोरलेले आकडे जातील.